ओल्या फडक्याचा पारा

१

सकाळचं रीडिंग झालं की मथुरा चहा घ्यायची आणि दुपारचं झालं की जेवायची. मधल्या वेळात ती काय करते ते संस्थेने कधी विचारलं नाही, आणि तिनेही कधी जाऊन सांगितलं नाही. वाऱ्याच्या वाट्यांत कोळ्याने जाळं केलं तर शिडी लावून काढायचं. पाऊस मोजायच्या नळकांड्यात पानं पडली तर उपसायची. पाणी उडून किती जातं ते बघायचा पसरट टब होता, त्याच्यावरची जाळी रोज नीट बसवायची, नाहीतर कावळे येऊन आंघोळी करायचे आणि साहेब फोनवर विचारायचे, आज एवढं पाणी उडालं कसं? कावळ्यांनी उडवलं, साहेब, दुसरं काय!

वेधशाळा हे नावच तेवढं मोठं. सड्यावर, उघड्या कातळावर माती आणून टाकलेला एक चौकोन, त्याला तारेचं कुंपण, कडेला एक ऑफिसची खोली आणि खोलीला चिकटून मथुराचं घर. घर म्हणजे संस्थेचंच. काम आहे तोवर छप्पर आहे. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली ती आणि तिची दर्शना.

चौकोनाच्या मधोमध चार लाकडी पायांवर एक पांढरी पेटी उभी होती, छातीच्या उंचीला. चारी बाजूंना तिरक्या पट्ट्या, त्यासुद्धा दुहेरी, एकीचा कल एकीकडे तर दुसरीचा उलटा. वारा आत जातो, ऊन जात नाही, आणि नजर तर मुळीच जात नाही. दार एकच, उत्तरेला. आत दोन तापमापक. एकाचा गोळा उघडा, तो कोरडा. दुसऱ्याच्या गोळ्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्याची वात खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली, तो ओला. माठाला पाझर फुटतो म्हणून पाणी गार राहतं, त्यातलाच हा प्रकार. ओल्याचा पारा कोरड्याच्या खालीच राहायचा. पावसाळ्यात दोघे जवळ येतात, एखाद्या धुकट सकाळी बरोबरीला येतात, पण ओला वर चढला असं होत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ओला वर होता.

मथुराने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. ऊन कातळ भाजत होतं आणि ओल्याचा पारा त्या उन्हाच्याही वर जाऊन बसला होता. पाणी संपलं असेल म्हणून तिने बाटली बघितली. अर्धीच होती. सकाळी तिनेच काठोकाठ भरली होती. तिने फडक्याला बोट लावलं. फडकं कोमट होतं. आणि बुळबुळीत. फडक्याचं सुटं टोक निमुळतं झालं होतं, चिकटून बसलं होतं. पोर आईच्या पदराचं टोक तोंडात घेऊन झोपतं, आणि उठल्यावर ते टोक जसं दिसतं, तसं.

पाल असेल, ती म्हणाली. फडकं बदललं, हात साबणाने दोनदा धुतले, आणि दिसला तो आकडा लिहून जेवायला बसली. जेवण काही गोड लागलं नाही.

२

चारुदत्त आगाशे साहेब आठवड्यातून एकदा रत्नागिरीहून स्कूटरवर यायचे. सड्यावर आले की आधी रुमालाने खुर्ची झटकायचे. मथुराने खुर्ची पुसून ठेवलेली असली तरी.

"मथुरा, हे काय लिहिलंयस?"

"दिसलं ते."

"ओला कोरड्याच्या वर? रोज दुपारी? अगो, असं जगात कुठे होत नाही. बागायतदार या आकड्यांवर फवारण्या करतात. मोहोर जळला तर शिव्या मला बसतात, तुला नाही."

"मी पन तेच म्हनतंय साहेब, व्हत नाय. म्हनून तर लिवलंय."

साहेब उठून पेटीपाशी गेले. त्यांनी दार उघडलं, बघितलं, लावलं. तेव्हा सकाळ होती आणि ओला आपल्या जागी, खाली, गुमान बसला होता.

"तू वाचताना तोंड किती जवळ नेतेस?"

"दिसायला पायजे तेवढं."

"तेच ते. श्वास लागतोय पाऱ्याला. तुम्हा लोकांना सांगून समजत नाही. जरा लांब उभी राहत जा. श्वास धर, तोंडाला काहीतरी बांध. आणि असलं पुन्हा लिहिलंस तर मला वर कळवावं लागेल. मग तुझी खोली राहते की जाते, ते माझ्या हातात नाही."

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, ते मथुराने विचारलं नाही. तिची आजी सीता वाडीतल्या विहिरीपासून लांब, चिरेबंदी काठाच्या खाली उभी राहायची आणि कोणी वरून ओतलं तर घागर भरायची. ते दिवस गेले असं सगळे म्हणतात. आजीला पाण्यापासून लांब उभं केलं, नातीला पाऱ्यापासून. गेले कुठे मग ते दिवस? शिकले, स्कूटरवर बसले, एवढंच.

पण छप्पर साहेबाच्या जिभेवर होतं. तिने मान हलवली.

३

कुंपणातलं गवत बुटकं ठेवावं लागतं. ते कापायला सोनूबाई यायची, खालच्या वाडीतली, तोंडाने फटकळ, कमरेला कोयती. गवताचा भारा तिच्या म्हशीला आणि आयत्या गप्पा तिच्या जिवाला.

"मथुरा, हिकडं ये गो," ती पेटीच्या मागून ओरडली. "हिकडं कोन उभं ऱ्हातं?"

"कोन ऱ्हानार? दार हिकडं हाय. मागं काय काम?"

"मग हे बघ की."

पेटीच्या दक्षिणेला, जिकडे दार नाही, तिकडे गवत दबलेलं होतं. पिवळं पडलेलं, जमिनीला लागलेलं. जनावर बसल्यासारखं पसरलेलं नव्हे. पावलाएवढे दोन डाग, शेजारी शेजारी, पट्ट्यांच्या अगदी जवळ. चौकोनात दुसरीकडे कुठे पावलाची खूण नव्हती. आलेली नाही, गेलेली नाही.

सोनूबाईने डोळे मिचकावले. "दुपारचा कोन यार येतो काय तुझा? नवऱ्याला कळवू काय मुंबईला?"

"कळव. पत्ता गावला तर मला पन दे."

दोघी हसल्या. सोनूबाई हसता हसता खाली बसली, त्या डागांवर पंजा फिरवला आणि हसायची थांबली.

"गरम हाय गो."

"उन्हानं."

"उन्हानं सगळंच गरम असतंय. हे वायलं हाय." तिने हात लुगड्याला पुसला. भारा अर्धाच बांधला आणि उचलला. जाताना म्हणाली, "उद्या सकाळी येतंय. दुपारची नाय."

४

मथुराला भूतखेत पटत नव्हतं. तिच्या बापाने, सखारामने, घरातले देव्हारे नदीत सोडले होते आणि पोरींना सांगितलं होतं, जे बघता येत नाही त्याला भिऊ नका, जे बघता येतं त्याच्याशी भांडा. तिने आयुष्यभर तेच केलं. रेशनवाल्याशी भांडली, सासऱ्याशी भांडली, एसटीच्या कंडक्टरशी भांडली. आता ती पेटीशी भांडायला गेली.

तोंडावर पदर घट्ट बांधला. पेटीपाशी जायच्या आधी छाती भरून श्वास घेतला आणि धरला. लाव आता माझ्या श्वासाला बोल, ती मनात साहेबाला म्हणाली, आणि दार उघडलं.

आपला श्वास चालू असतो तेव्हा माणसाला बाकीचं किती ऐकू येत नाही, ते तिला तेव्हा कळलं. वाऱ्याच्या वाट्यांची करकर. खालच्या रस्त्यावर हातखंब्याकडे निघालेला ट्रक. आणि पेटीच्या मागच्या पट्ट्यांतून, अगदी तिच्या तोंडासमोर, 'हाऽ'.

थांबलं. पुन्हा, 'हाऽ'.

चष्मा पुसण्याआधी माणूस काचेवर तोंड उघडून करतो ना, तसं. घाई नाही. ओल्याचा पारा तिच्या डोळ्यांदेखत वर सरकला, सुईत दोरा ओवावा इतक्या हळू. कोरडा जागचा हलला नाही.

तिच्या छातीत दुखायला लागलं. समोरचं ते थांबलं होतं. ती श्वास सोडेल याची वाट बघत असल्यासारखं थांबलं होतं. मथुराने दार आपटलं, धावत पेटीला वळसा घातला. मागे कोणी नव्हतं. कुंपण, कातळ, लांबवर समुद्राची चकाकी. दोन डाग. उन्हात उभी राहून तिने श्वास सोडला आणि तिला रडू आलं. भीतीचं कमी, रागाचं जास्त. एवढ्या मोठ्या सड्यावर याला उभं राहायला माझीच पेटी मिळाली?

घरात येऊन तिने डोकं चालवलं. पट्ट्यांतून वारा येतो, वारा फुंकल्यासारखा वाजतो. मग पारा का चढतो? वारा लागला तर ओला आणखी खाली जायला हवा. मग पाल. पाल श्वास टाकते काय? बरं, आपलंच डोकं फिरलं. मग सोनूबाईच्या हाताला गवत गरम का लागलं?

उत्तर मिळेना. पण दुपारचा आकडा तर लिहायचाच होता. पूर्वीसारखा, शहाणा, कोरड्याच्या खाली बसलेला एक आकडा तिने लिहून टाकला. साहेबाला आवडेल असा. रोज तसाच लिहायला लागली.

पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, "बघितलंस? तोंड बांधलंस आणि झालं की नाही सरळ?"

"झालं साहेब," मथुरा म्हणाली.

५

दर्शना बारावी झाली होती आणि काजूच्या कारखान्यात काजू फोडत होती. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना खातं. तिच्या बोटांची सालं निघाली होती, टोकं काळी पडली होती. मोबाईल बोट ओळखत नाही म्हणून ती नाकाने उघडायची आणि त्यावर स्वतःच हसायची. मथुरा हसत नव्हती. दर्शनाला इथे चिकटवा म्हणून तीन वर्षं ती साहेबाच्या मागे लागली होती. शेवटी साहेब तयार झाले ते आत्ता.

"तुझे डोळे आता साथ देत नाहीत. मध्ये काय काय लिहीत होतीस. पोरगी शिकलेली आहे. गुरुवारी दुपारचं रीडिंग तिला माझ्यासमोर घेऊ दे. जमलं तर तिचं नाव लावतो. पर्मनंटचंही बघू."

दर्शनाने त्या दिवशी बोटांना खोबरेल चोळलं आणि गाणं म्हणत भाकऱ्या थापल्या. मथुरा चुलीपाशी बसून बघत राहिली.

"बायो, ह्या कामाला नाय म्हन."

"काय?"

"दुसरं बघू कायतरी. देवरुखला मावशीकडं ऱ्हा. तिकडं दुकानात..."

"आये, खुळी झालीस काय? तीन वर्सं तूच साहेबाचं पाय धरलंस."

मग मथुराने सांगितलं. फडकं, बाटली, गवत, तो 'हाऽ' आवाज. सांगताना तिचं तिलाच खोटं वाटायला लागलं. दर्शनाने भाकरी उलटली.

"मी सकाळची कितीदा रीडिंग घेतलीत. कायसुदिक नाय तिथं."

"सकाळचं नसतंय. दुपारचं असतंय."

"मग तू लिवलंस का नाय? महिनाभर तर सगळं सरळ लिवलंयस. मी बघितलंय." ती आईकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज धारेचा होता. "खरं सांग. मी तुझ्या जागी बसले तर तुला कोन इचारनार नाय, म्हनून ना? तुला माझं बरं झालेलं बघवत नाय."

मथुराच्याच हाताने लिहिलेले शहाणे आकडे समोर उभे होते, आणि ते सगळे पोरीच्या बाजूचे होते.

"लांबनं वाच मग," ती शेवटी म्हणाली. "आनी श्वास धरू नको."

"साहेब म्हनतात धरायचा."

६

गुरुवारी साहेब आले. खुर्ची झटकली. सोनूबाईला मथुराने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती कुरकुरत आली आणि कुंपणाच्या फाटकापाशीच गवत कापत बसली, पेटीकडे पाठ करून. भाऱ्याशेजारी कोयती टाकून ती सुंभ वळायला लागली तेव्हा दर्शना नवा ड्रेस घालून बाहेर आली. ओढणी मागे बांधलेली. हसत होती.

साहेब फाटकाबाहेर छत्रीखाली उभे. मथुरा फाटकात. "आधी कोरडा, मग ओला," साहेबांनी सांगितलं. "आणि श्वास धर. आईसारखं फुंकू नकोस."

दर्शनाने दार उघडलं. वाकली. आकडा मोठ्याने सांगितला, कोरड्याचा, बरोबर होता. साहेबांनी मान डोलावली. मग ती ओल्याकडे बघायला लागली. मथुराला तिची पाठ दिसत होती. पाठ स्थिर. तिने शिकवलं होतं तशी.

दर्शनाने मान जराशी कलती केली. कोणी कानाशी काही सांगत असलं की माणूस करतो तशी.

"आये," ती वळून न बघता म्हणाली, हलक्या आवाजात, थोडी वैतागून, "तू मागं जाऊन काय करतंस? बाजूला हो ना. पारा वर चाललाय."

मथुरा तिच्या पाठीमागे वीस हातांवर, फाटकात उभी होती.

कोयती कधी हातात आली ते तिला कळलं नाही. पोरीला दंडाला धरून तिने बाजूला भिरकावली आणि पेटीचा पहिला पाय तोडला. लाकूड वाळवीने पोखरलेलं होतं, दोन घावांत गेलं. दुसरा गेला. साहेब ओरडत होते, संस्थेची मालमत्ता, पोलीस, वेडी बाई. तिसऱ्या पायाला पेटी तिच्या बाजूला कलंडली. आतली काच फुटली. मागच्या दुहेरी पट्ट्या चरचरत एकमेकींपासून सुटल्या, आणि जिथून कधी आरपार दिसलं नव्हतं तिथे एक फट पडली.

फटीत तोंड होतं. उघडं. नुसतं तोंड, पट्टीला लागलेलं, खालचा ओठ पांढऱ्या रंगावर दाबून पसरट झालेला, आणि आत ओला काळोख. म्हाताऱ्याचं नव्हतं, पोराचं नव्हतं. कोणाचं होतं हे कळायला बाकीचा चेहरा लागतो. तो दिसायच्या आत पेटी कोसळली.

पेटीच्या पलीकडे ऊन होतं. ऊन आणि कातळ.

७

पाऱ्याचे मणी गवतात इकडेतिकडे पळत होते. सोनूबाईने मथुराच्या हातातून कोयती काढून घेतली आणि पदराखाली धरली. साहेब ऑफिसात जाऊन फोनवर बोलत होते. आजच्या आज खोली रिकामी करा, हे मधेच बाहेर तोंड काढून सांगून गेले.

दर्शना पडली होती तिथून उठली. कोपर खरचटलं होतं, नव्या ड्रेसला लाल माती लागली होती. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?"

"दर्शना, तुला आवाज आला का नाय? खरं सांग. आला ना?"

"मला काय आला नि काय नाय, ते आता इचारू नको." "मी काजू फोडीन. हाताची हाडं दिसोस्तवर फोडीन. पन तुझ्या घरात ऱ्हानार नाय. तू मला मेलीस."

ती फाटकातून बाहेर पडली. सड्यावरून खाली रस्त्याला जायची पायवाट लांब आणि उघडी आहे. जाणारा माणूस बराच वेळ दिसत राहतो.

जाऊ दे, मथुराने स्वतःला सांगितलं. शिव्या दे, तोंड बघू नको, मावशीकडे जा, कुठेही जा. त्या पेटीपाशी तर नाही ना उभी राहणार? छप्पर गेलं, काम गेलं, पोरगी गेली. पण पोरगी वाचली. हा सौदा तिने मनात दोनदा करून बघितला आणि तिला तो पटला. मोडक्या पेटीच्या बाजूला ती खाली बसली.

दबलेलं गवत तिच्या हाताशीच होतं. महिनाभर जमिनीला लागलेल्या पिवळ्या काड्या हलत होत्या. वारा नव्हता. एकेक काडी हळूच सुटत होती, वाकडी होत, सरळ होत उभी राहत होती. आधी एका डागातली. मग दुसऱ्या. वजन उचललं गेल्यावर गवत उठतं तशी.

मथुराने तिथे पंजा ठेवला. जमीन गार होती.

तिने वर बघितलं. पायवाटेवर दर्शना अर्ध्या वाटेत पोचली होती, एकटी, ओढणी खांद्यावरून ओघळलेली, रागाने भराभर चाललेली. चालता चालता तिने हात मागे नेला आणि मान पुसली. चार पावलं गेली आणि पुन्हा पुसली, या वेळी जरा जोराने, आणि वेणी पुढे ओढून घेतली.

"दर्शना!" मथुरा धावत सुटली. फाटकाला पदर अडकला, फाटला. "दर्शना, मागं बघ! अगो बायो, एकदा मागं बघ!"

तिचा आवाज सड्यावर लांबपर्यंत गेला. पोरीला तो ऐकू गेला, हे तिच्या पाठीवरून कळलं. पाठ ताठ झाली, पावलं आणखी भराभर पडायला लागली. आईने हाक मारली होती, म्हणूनच तिने वळून बघितलं नाही.